समासातली नोंद

सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी "काय मग, विकांताला काय केलंस?" असं कोणी विचारलं, की गेले पाच महिने माझं उत्तर ठरलेलं आहे. वसईला गेलो होतो, चर्चमधल्या जुन्या वह्या वाचायला. यावर समोरचा एकतर "अरे वा" म्हणून कप घेऊन सटकतो, नाहीतर "पीएचडी वगैरे करतोयस की काय?" असं विचारतो. तसलं काही नाही. आमच्या घराण्याचा मेळावा ठरलाय, आणि त्यासाठी काकांना दहा फुटी फ्लेक्सवर वंशावळ छापायची आहे. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" या एका वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. आयटीवाल्या पोरांच्या गळ्यात प्रिंटर दुरुस्तीपासून काय काय पडतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको.

काकांच्या डोक्यात फ्लेक्सचं डिझाईन तयार होतं. सगळ्यात वर 'सोळावं शतक', सगळ्यात खाली आम्ही पोरं, आणि मधली जागा मी भरायची. सोळावं शतक कुठून आलं? तर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, त्यानंतर इकडे धर्मांतरं झाली, आणि आम्ही सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, मूळचे सामवेदी ब्राह्मण. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक घरात सांगतात आणि प्रत्येक घरात ती आपल्याच घराची म्हणून सांगतात. समाजाची गोष्ट म्हणून ती ठीक आहे. पण एका माणसापासून मागे मागे जात तिथवर पोचायचं म्हटलं की पंचाईत होते.

पहिली पंचाईत आडनावाची. बाप्तिस्मा देताना धर्मपित्याचं नाहीतर पाद्रीबुवांचं आडनाव मिळायचं, त्यामुळे गावंच्या गावं एका आडनावाची. आमचं आडनाव इथे लिहीत नाही (घरातली नावंही लिहिणार नाही, माणसं हयात आहेत), पण गावात त्या आडनावाची शंभरावर घरं आहेत आणि त्यातली नव्वद आमची कोणी लागत नाहीत. त्यात पहिली नावंही मोजकी. जुजे, पेद्रू, फ्रान्सिस, मारी, अँना. एका पिढीत एकाच नावाआडनावाचे सात-आठ जण सहज निघतात. डेटाबेसवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, प्रायमरी कीच नाही.

मी आधी दफनभूमीत गेलो. मला वाटलं होतं, इंग्रजी सिनेमात दाखवतात तसं शेवाळलेल्या दगडांवरून हात फिरवत नावं वाचायची. आमच्याकडे तसं नसतं. जागा कमी, त्यामुळे साधी कबर काही वर्षांनी पुन्हा उकरतात, हाडं काढून वेगळी ठेवतात, आणि त्याच जागी दुसरं माणूस झोपतं. कायमची कबर ज्यांना परवडली त्यांचीच. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन तिथे जमतं. आम्ही ज्या जागेवर आजोबांसाठी मेणबत्ती लावतो त्याच जागेवर आणखी दोन घरं येऊन लावतात. मला सापडलेला सगळ्यात जुना संगमरवर १९६० नंतरचा होता.

याच्या उलट वसईच्या किल्ल्यात जा. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे दगड अजून आहेत, ढालींची चिन्हं, अक्षरं, सगळं वाचता येतं. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, छप्पर गेलं, भिंतीतून पिंपळ उगवले, पण ते दगड काही हलले नाहीत. इंग्रजांचंही तसंच. कंपनीच्या काळापासून हिंदुस्थानातल्या त्यांच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत मुंबई, मद्रास, बंगाल अशा इलाखावार लावून ठेवल्या आहेत. १९७६ पासून त्यांची इथल्या कबरस्तानांसाठी एक संस्था आहे, आणि १९९८ पासून कुटुंबांचा शोध घेणाऱ्यांची दुसरी. म्हणजे कुलाब्यात तापाने गेलेल्या गोऱ्या शिपायाचं तान्हं मूल मँचेस्टरमध्ये बसून सापडू शकतं. माझे पणजोबा सापडवायचे तर मला विरारची लोकलच पकडावी लागते.

असो. दगड नाहीत, पण वह्या आहेत. आणि वह्या हे प्रकरण दगडांपेक्षा कितीतरी बरं निघालं.

कॅथलिक चर्चने या वह्या का ठेवायला लावल्या ते मला माहीत नव्हतं. आमच्या वंशावळीसाठी तर नक्कीच नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने फर्मान काढलं की प्रत्येक धर्मगुरूने लग्नांची नोंद ठेवावी, साक्षीदारांसकट. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता कोण तेही लिहावं. कारण धर्मपित्याचं नातं रक्तासारखंच मानलं जायचं, आणि त्या नात्यात लग्न चालत नसे. १६१४ च्या विधिग्रंथाने त्यात मृतांची वही घातली. म्हणजे मुळात हा प्रपंच कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकत नाही ते तपासण्यासाठी. व्हॅलिडेशन रूल्स म्हणा ना.

आणि याचा एक मोठा फायदा असा, की यात बायका असतात. माझ्या एका देशस्थ मित्राने त्यांच्या घराण्याची छापील वंशावळ दाखवली होती, बारा पिढ्या, सगळे पुरुष. बायका जणू नव्हत्याच. आमच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नोंदीत आई असते, नावानिशी. ती ज्या घरातून आली तिथे तिचा स्वतःचा बाप्तिस्मा असतो, त्यात तिची आई. बापाकडून अडलं की आईकडून मागे जाता येतं. मला सगळ्यात जास्त पिढ्या अशाच मिळाल्या, माझ्या पणजीच्या बाजूने. काकांना यात काही रस नव्हता. "ते त्यांचं घराणं झालं रे," म्हणाले.

आमच्या चर्चमधलं ते कपाट लोखंडी आहे, आणि त्याची किल्ली फक्त प्रमुख धर्मगुरूंकडे असते. फादर भले माणूस. पहिल्या शनिवारी त्यांनी मला हात धुवायला लावले, मोबाईलने फोटो काढायला मना केलं, आणि पेन्सिल दिली. पेन चालत नाही. वह्यांची शाई लोखंडाच्या क्षाराची, तिने काही पानं अक्षरांच्या रेषेत अशी खाल्ली आहेत की धरून उजेडात बघितलं तर जाळी दिसते. काही वाळवीने खाल्ली आहेत, तिला रेषाबिषा कळत नाहीत. १८८६ ते १९२८ वसई दमणच्या धर्मप्रांताखाली होती, मग मुंबईच्या, आणि १९९८ पासून स्वतःच्या. तीन साहेब बदलले, कपाट तेच.

भाषा पोर्तुगीज. गोव्याच्या एका सहकाऱ्याकडून मी कामापुरते पन्नासेक शब्द शिकलो, आणि तेवढे पुरतात, कारण मजकूर साच्यातला असतो. अमुक तारखेला, या चर्चमध्ये, मी अमुक, याने बाप्तिस्मा दिला अमुकला, मुलगा अमुकचा आणि अमुकचा, राहणार अमुक आळी, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक. एक सापळा मात्र फादरांनी आधीच सांगून ठेवला. सप्टेंबर लिहायला पाद्रीबुवा नुसता ७ चा आकडा टाकून पुढे 'ब्रो' लिहायचे, ऑक्टोबरला ८, नोव्हेंबरला ९. लॅटिनमध्ये सप्तेम म्हणजे सात, म्हणून. आपल्या सप्ताहातला सप्त आणि तो सप्तेम एकच गोत्र, त्यामुळे कोकणस्थ पुरोहिताला हे एका सेकंदात कळलं असतं. पण जो प्रोग्रॅम या तारखा वाचेल तो सप्टेंबरला जुलै करून मोकळा होईल.

तर चार महिन्यांत माझ्या शीटमध्ये बाराशेच्या वर ओळी झाल्या. नावं जुळवायला मी आधी साउंडेक्स लावून पाहिलं. १९१८ सालचं पेटंट आहे ते, अमेरिकेच्या जनगणनेत त्याचा उपयोग झाला, पण त्याला जुझे, जोसेफ आणि जुजे हे एकच माणूस आहेत हे कसं कळणार? शेवटी नावांचा नाद सोडला आणि धर्मपित्यांवरून जुळवायला लागलो. आठ पेद्रू असतील, पण ज्या पेद्रूच्या पोरांना नेहमी त्याच दोन घरांतले धर्मपिते उभे राहतात तो पेद्रू एकच असतो. कोण कोणाच्या सुखदुःखाला उभं राहतं त्याचा नकाशाच तयार होतो. 'कुपारी' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं सांगतात. कोंपाद्रे म्हणजे मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता यांचं एकमेकांशी नातं. आमच्या समाजाला नावच त्या नात्यावरून पडलंय, हे मला शीट भरताना पहिल्यांदा नीट जाणवलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माझ्या पणजोबांचं लग्न १९२७ चं. नोंद सापडली, वय २८, बापाचं नाव आम्हाला माहीत होतं तेच. म्हणजे बाप्तिस्मा १८९८-९९ चा हवा. ती दोन वर्षं मी तीनदा वाचली. आधीचं एक, नंतरचं एक वाचलं. त्या बापाची दोन मुलं मिळाली, एक मुलगी १८९५ ची, एक मुलगा १८९७ चा. माझे पणजोबा कुठेच नाहीत. शेजारच्या चर्चमध्ये झाला असेल, असं पप्पा म्हणाले. मग एका शनिवारी मी दफनांची वही उघडली. नुसतं त्या दोन भावंडांचं पुढे काय झालं ते बघावं म्हणून. दोघंही तिथे होती. मे १९००. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा, नऊ दिवसांच्या अंतराने. कारण, कॉलरा.

मे १९०० म्हणजे छप्पन्नच्या दुष्काळाचं टोक. संवत १९५६, म्हणून छप्पन्नचा. १८९९ चा पाऊस गेला, गुजरातेत गुरं आणि माणसं रस्त्यावर पडली, आणि उन्हाळ्यात त्यावर कॉलरा आला. १८६४ पासून सुरतेहून मुंबईकडे येणारी रेल्वे वसईवरूनच जाते. जे चालू शकत होते ते रुळांच्या कडेने दक्षिणेकडे निघाले. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी गुजरातेतून शेकडो मुली केडगावला आणल्या, हे आपण शाळेत ओझरतं वाचलेलं असतं. बाकीची मुलं कुठे गेली ते काही आपण वाचलेलं नसतं.

सप्टेंबर १९०० च्या पानावर (तोच तो ७ चा आकडा) एकाच दिवशी अकरा बाप्तिस्मे आहेत. एरवी महिन्याला तीन-चार. अकराही नोंदींत आईबापाच्या जागी एकच शब्दजोडी, 'पाईस इन्कॉग्नितोस', आईबाप अज्ञात. आणि वयापुढे 'पोको माइस ओ मेनोस', थोडं कमी-जास्त. सातवी नोंद दोन वर्षांच्या मुलाची, थोडं कमी-जास्त. नाव पणजोबांचं. धर्मपिता आणि धर्ममाता, ज्यांना आम्ही खापरपणजोबा आणि खापरपणजी म्हणतो ते नवराबायको. मे महिन्यात ज्यांची दोन्ही मुलं गेली ते.

नाव सारखं म्हणून माणूस तोच असं होत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण या नोंदीच्या समासात वेगळ्या शाईने एक ओळ होती. १९०८ पासून रोमने नियम केला, की कोणाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ते लिहायचं, म्हणजे एकच माणूस दोन गावांत दोन बायका करणार नाही. त्या ओळीत १९२७ ची तारीख होती आणि माझ्या पणजीचं नाव. तिथे शंकेला जागा राहिली नाही. मी फादरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला.

म्हणजे सोळाव्या शतकापासून खाली येणारी आमची रेघ १९०० मध्ये तुटते. किंवा तुटत नाही, कसं बघाल तसं. रक्त म्हणाल तर ते सुरत, खेडा, पंचमहाल, कुठलं ते कोणालाच सांगता येणार नाही. जातही नाही सांगता येणार.

काकांना मी फोनवर सांगितलं. बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, "हे फ्लेक्सवर नको."

"काका, पण वहीत आहे."

"वहीत राहू दे ना. वही कोण वाचतंय? तुझ्या बहिणीची बोलणी चाललीत, लोक काय काय विचारतात तुला माहीत नाही."

मला माहीत होतं. ख्रिस्ती होऊन साडेचारशे वर्षं झाली तरी लग्नाच्या वेळी 'मूळचे कोण' विचारतातच. मला ते तेव्हाही किळसवाणं वाटायचं, आता तर जास्तच. पण बहिणीचा विषय होता, त्यामुळे तिलाच विचारलं. ती म्हणाली, "ज्याला चालणार नाही त्याचं लवकर कळलेलं बरं." आणि वर मला डीएनए टेस्टची लिंक पाठवली. ती मी केली नाही. टक्केवारीचा एक रंगीत तक्ता येईल, त्याचं करायचं काय?

खरा प्रश्न आत्याआजीचा होता. पणजोबांची मुलगी, नव्वदी ओलांडलेली, त्या पिढीतली आता ती एकटीच. पप्पा म्हणाले, या वयात कशाला. मलाही तसंच वाटत होतं. मग वाटलं, बाप तिचा आहे, माझ्या शीटमधली ओळ नाही. तिला न सांगता मी ते जगाला सांगायचं की नाही हे ठरवणार, हे काही पटेना. रविवारी मिस्सानंतर तिच्याकडे गेलो. कागदावर सगळं मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं, तिला ऐकू कमी येतं म्हणून. तिने ते दोनदा वाचलं. ती बोलते कुपारी बोली, मी इथे साधं मराठी लिहितो.

"ती दोन मुलं गेली त्यांची नावं नाही लिहिलीस," म्हणाली.

मी सांगितली. आणि सांगतानाच माझ्या लक्षात आलं. इतके दिवस ती नावं मी नुसती शीटमध्ये भरली होती. मुलीचं नाव आत्याआजीचं. मुलाचं नाव माझ्या आजोबांचं. पणजोबांची ही पहिली दोन मुलं. आमच्याकडे साधारण पद्धत अशी, की पहिल्या मुलाला आजोबांचं नाव. ते तिसऱ्याला दिलेलं आहे.

योगायोगही असेल. त्या वह्यांत सगळी मिळून नावंच किती, पंधरा-वीस. इंजिनियर म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. आत्याआजीला मी तसं सांगितलंही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसलो. मग तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, "ही तारीख नक्की?" नक्की, म्हटलं. "त्याचा वाढदिवस कधी केलाच नाही आम्ही. विचारलं तर म्हणायचा, मला काय माहीत. या तारखेला मिस्सा ठेवायला सांग फादरला. आणि त्या दोघांचीही नावं घाल."

काकांनी फ्लेक्सचा हट्ट सोडला नाही, पण आत्याआजीला मिस्साचं कळल्यावर 'नको'ही म्हणाले नाहीत. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तिथे काही अडचणच नव्हती. वंशावळीच्या फाइलींचा जेडकॉम नावाचा जो फॉरमॅट सगळीकडे चालतो तो मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये केला. (हे लोक जगभरच्या चर्चच्या वह्यांची मायक्रोफिल्म १९३८ पासून करू लागले. मेलेल्यांनाही ते आपला बाप्तिस्मा देतात, म्हणून २००८ मध्ये व्हॅटिकनने त्यांना वह्या देऊ नका असं कळवलं.) त्या फॉरमॅटमध्ये मूल आणि आईबाप यांच्यातल्या रेघेला एक प्रकार देता येतो. जन्माने, दत्तक, किंवा सांभाळलेलं. मी 'दत्तक' निवडलं. प्रोग्रॅमने रेघ तुटक काढली, तीच फ्लेक्सवर जाईल. वरचं 'सोळावं शतक' काकांसाठी ठेवलंय, कारण खापरपणजोबांच्या बाजूने ते खोटं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही.

त्या दिवशीच्या बाकीच्या दहा मुलांची मी वेगळी शीट केली आहे. दोन त्याच हिवाळ्यात दफनाच्या वहीत सापडली. तिघांच्या समासात लग्नं आहेत, त्यातलं एक घर आमच्या गल्लीत, मी त्यांच्या अंगणात क्रिकेट खेळलोय. त्यांना हे माहीत आहे का, आणि मी सांगावं का, यावर फादर म्हणाले की त्यांनी विचारल्याशिवाय नाही, वही त्यांची आहे. मला ते पटलं. उरलेल्या पाचांचा समास कोरा आहे. शेजारच्या चर्चच्या फादरांनी त्यांच्या वह्या बघायची परवानगी दिली आहे, पुढच्या शनिवारी, दुपारी तीन ते पाच. पेन्सिल घरून आणायची आहे.